गुणपत्रिका राहू दे, आधी उत्तरपत्रिका मागवा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तीन वर्षांच्या एलएल.बी.चं पहिलं वर्ष संपलं, दोन्ही सत्रं मिळून 52 टक्के पडले, एका विषयात केटी लागली (म्हणजे नापास झालात, तो पेपर पुन्हा द्यायचाय). वर्गातले वरचे दोघं-तिघं 68-70च्या घरात आहेत. घरचे म्हणतात, एवढ्या मार्कांवर कोण उभं करणार. तुम्ही विचारताय की वकिलीचा नाद सोडावा का. आणि सोडायचा नसेल, तर पुढची दोन वर्षं कोर्टाचं आणि इंटर्नशिपचं नाव न काढता फक्त मार्कांच्या मागे लागावं का.

माझ्याबद्दल थोडं, म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. जिल्हा न्यायालयात मला 23 वर्षं झाली. बहुतेक काम दिवाणी, जोडीला चेक बाउन्सच्या केसेस. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थी माझ्याकडे शिकायला येतात. मोठ्या लॉ फर्ममध्ये मी एक दिवसही काम केलेलं नाही. त्याबद्दल जे सांगेन ते माझ्याकडून पुढे तिकडे गेलेल्यांकडून ऐकलेलं, तेव्हा तेवढं थोडं हात राखून घ्या.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. पहिला पात्रतेचा: अमुक ठिकाणी शिरायला किती टक्के लागतात? याचं उत्तर नियमात किंवा जाहिरातीत छापलेलं असतं, त्यावर रडण्यासारखं काही नाही आणि वाद घालण्यासारखंही नाही. दुसरा कुवतीचा: मला हे काम जमेल का? हा प्रश्न तुम्ही गुणपत्रिकेला विचारताय. तिला त्याचं उत्तर माहीत नाही.

आधी पात्रतेचं उरकू.

वकील म्हणून उभं राहायला पदवी लागते, मग राज्य बार कौन्सिलकडून सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आणि मग ऑल इंडिया बार एक्झामिनेशन. त्या परीक्षेत शंभर प्रश्न असतात, टिपणं नसलेले बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर) सोबत नेता येतात, उत्तीर्ण व्हायला खुल्या आणि ओबीसी गटाला 45 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के लागतात. 2023च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ही परीक्षा वैध ठरवली, त्यामुळे ती टळेल या आशेवर राहू नका. पण ती पास-नापासची परीक्षा आहे. 46 वाल्याच्या आणि 86 वाल्याच्या वकालतनाम्यात काही फरक नसतो. या वाटेवर तुमचे 52 टक्के कुणी विचारणार नाही. केटी मात्र सुटलीच पाहिजे, कारण पदवीच हातात नसेल तर पुढचं सगळं अडतं.

न्यायाधीश व्हायचं असेल तर चित्र अलीकडे बदललंय. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर आणि जेएमएफसी (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी) या पदासाठी नव्या पदवीधरांना थेट जाण्याची एक वाट होती, तिला अट होती पहिल्याच प्रयत्नात पदवी आणि अंतिम वर्षाला 55 टक्के. त्या काळात एखादी केटी म्हणजे ती वाट बंद. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रवेशाच्या पातळीवर तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजायची, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही त्यात धरायचं. तेव्हा आधी कोर्टात तीन वर्षं काढायची, मग पूर्व, मुख्य आणि मुलाखत. तुमची जाहिरात निघेल तेव्हा तिच्यातल्या अटी नीट वाचा, माझ्या सांगण्यावर जाऊ नका. जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला घटनेचा अनुच्छेद 233 सात वर्षांची वकिली मागतो, सरकारी अभियोक्ता व्हायलाही सात वर्षंच. ही सगळी मोजणी वर्षांची आहे.

आता जिथे आकडा खरोखर नडतो ती ठिकाणं. क्लॅटमधून, म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेतून, एलएल.एम. या पदव्युत्तर पदवीला जायचं तर एलएल.बी.ला 50 टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना 45. म्हणजे तुम्ही आत्ता काठावर आहात. शिकवायचं असेल तर नेट या प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षेसाठी पदव्युत्तर पदवीला 55 टक्के, राखीव गटांना 50, तिथे एलएल.बी.चे नाही तर एलएल.एम.चे मार्क धरतात. सार्वजनिक उपक्रमांतल्या विधी अधिकाऱ्याच्या जाहिरातीत अनेकदा 60 टक्क्यांची अट असते, आणि 59.4 चालत नाहीत. मोठ्या फर्म कॅम्पसवर अर्जांचा गठ्ठा कमी करायला सीजीपीएची (सगळ्या सत्रांच्या सरासरी गुणांकाची) चाळणी लावतात. माझी एक जुनी विद्यार्थिनी सांगते की पहिल्या नोकरीला त्यांनी मार्क पाहिले, दुसऱ्या नोकरीला फक्त विचारलं की कुठल्या प्रकारची कामं स्वतः हाताळलीस. परदेशी विद्यापीठं तर प्रत्येक विषयाचे गुण मागतात.

यात एक गोष्ट लक्षात घ्या. वकिलीत कमी पडलेलं पुढे भरून काढता येतं, पण एकूण टक्केवारी एकदा छापली की ती तशीच राहते. म्हणून ‘मार्कांना काही अर्थ नसतो’ असं सांगणाऱ्या सिनिअरांचं मनावर घेऊ नका. त्यांना नसतो, कारण त्यांची पदवी होऊन तीस वर्षं झालीत. तुमच्यापुढे अजून चार सत्रं आहेत, तेव्हा गणित करा. सगळ्या सत्रांचं वजन सारखं धरलं, तर एकूण 55 यायला उरलेल्या चार सत्रांत सरासरी 56.5 लागतील. 60 यायला 64. पहिला आकडा म्हणजे आत्तापेक्षा साडेचार टक्के जास्त, तो तुम्हाला सहज झेपावा. दुसरा अवघड आहे, अशक्य नाही, पण त्यासाठी अभ्यासाची पद्धतच बदलावी लागेल. सरकारी उपक्रमातली नोकरी तुमच्या डोक्यात खरंच असेल तर 64 धरून चाला. नसेल तर 57-58 वर समाधान मानून उरलेला वेळ दुसरीकडे घाला. ही निवड मी तुमच्या वतीने करू शकत नाही. घरची परिस्थितीही त्यात येते, कारण ज्युनिअर वकिलाची पहिली दोन-तीन वर्षं पैशाच्या बाबतीत ओढाताणीची असतात आणि सगळ्यांना ती परवडत नाहीत.

हे झालं पात्रतेचं. मला खरं बोलायचंय ते दुसऱ्या प्रश्नावर.

पुराव्याच्या कायद्याचा पेपर तुम्ही अजून दिला नसेल, पण ऐकीव पुरावा म्हणजे काय हे ऐकलं असेल: स्वतः न पाहता दुसऱ्याकडून कळलेलं. गुणपत्रिका हा जवळपास तसाच प्रकार आहे. तुम्ही काहीतरी लिहिलं, ते एका माणसाने वाचलं, आणि त्याला ते शंभरातल्या 38 लायकीचं वाटलं एवढंच तो कागद सांगतो. का वाटलं, ते सांगत नाही. मूळ दस्तऐवज म्हणजे तुमची उत्तरपत्रिका. आणि ती तुम्ही पाहिलेलीच नाही. तुम्ही काय, माझ्याकडे आलेल्या बहुतेकांनी कधीच पाहिलेली नसते. अशिलाने नुसतं ‘केस हरलो’ म्हणून सांगितलं तर आपण निकालपत्राची नक्कल मागतो, मगच अपिलाचं बोलतो. स्वतःच्या बाबतीत मात्र नकलेशिवाय निष्कर्ष काढून मोकळे.

विद्यापीठं ठरावीक शुल्क घेऊन उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत देतात. त्याची मुदत हुकली असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा आणि तिची प्रत घेण्याचा हक्क आहे. पुनर्मूल्यांकनात दोन-चार मार्क वाढतील या आशेने ती मागवू नका. वाढले तर वाढले. वाचण्यासाठी मागवा.

वाचताना हातात लाल पेन घ्या आणि प्रत्येक उत्तरापुढे एकच गोष्ट लिहा: मार्क कशाने गेले. माझ्या टेबलावर अशा बऱ्याच प्रती येऊन गेल्यात, त्यावरून सांगते. मुळात माहितीच नव्हती म्हणून गेलेले मार्क वाटतात त्यापेक्षा कमी निघतात. एक मोठा हिस्सा वेळेचा असतो: पहिल्या दोन उत्तरांना सहा-सहा पानं आणि शेवटचं उत्तर चार ओळींचं. तो रोग साधा आहे, घड्याळ लावून लिहायची सवय केली की महिन्याभरात जातो. दुसरा मोठा हिस्सा हट्टी असतो. प्रश्न विचारलाय एक, उत्तर दिलंय दुसरं. प्रश्नात रमेशने सुरेशला जमीन विकली, करारावर सही करताना सुरेश सतरा वर्षांचा होता, आता करार टिकतो का, असं विचारलंय. आणि उत्तरात कराराची व्याख्या, कराराचे घटक, करार करण्यास सक्षम व्यक्ती कोण, सगळं पाठ केलेलं उतरवलंय आणि सुरेश कुठेच नाही. अगदी शेवटी ‘म्हणून करार अवैध आहे’. पेपर तपासणाऱ्याने यात मार्क कुठे द्यायचे?

हा दुसरा रोग मला होता, आणि तो मार्कांत दिसला नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत मला 61 होते, माझा सगळ्यात चांगला विषय. सनद घेतल्यावर वर्षभरात सिनिअरनी मला निशाणी 5च्या अर्जावर युक्तिवाद करायला उभं केलं. (दाव्यात तात्पुरत्या मनाईचा अर्ज आपल्याकडे बहुधा निशाणी 5 वर येतो, म्हणून कोर्टात सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात.) बांधाचा वाद होता. मी मनाईचे नियम असलेली ऑर्डर 39 सांगितली, प्रथमदर्शनी प्रकरण, सोयीचं पारडं, भरून न येणारी हानी, सगळं खणखणीत म्हटलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, ताबा कुठल्या कागदावरून दाखवता?” सातबारा फाइलमध्येच होता. तो कुठल्या पानावर आहे आणि त्यातल्या पीक पाहणीच्या रकान्यात कुणाचं नाव आहे, हे मला सांगता येईना. पानं उलटताना माझे हात थरथरत होते ते अजून आठवतं. सिनिअर मागून उठले आणि त्यांनी दोन वाक्यांत ते काम पुरं केलं.

म्हणजे ते 61 खोटे होते का? नाही. ऑर्डर 39 पाठ होती म्हणून निदान काय सिद्ध करायचंय ते मला माहीत होतं. पुढे कागद वाचायला शिकले तेव्हा ते पाठांतर कामाला आलं. परीक्षेने माझ्या कामातला एक तुकडा मोजला होता, आणि मी तो आख्खं काम समजून बसले होते. तुम्ही आत्ता उलट्या बाजूने तीच चूक करताय.

उलट्या बाजूचंही एक उदाहरण देते. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा होता, मार्क तुमच्याच आसपास. चेक बाउन्सची एक तक्रार आम्ही तयार करून ठेवली होती, 17 तारखेला दाखल करायची. त्याला फक्त कागद क्रमाने लावायला सांगितले होते. त्याने पोचपावती पाहिली आणि विचारलं, “मॅडम, नोटीस त्यांना 3 तारखेला मिळालीय, मग पंधरा दिवस 18 ला संपतात ना?” बरोबर होतं त्याचं. निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 138 प्रमाणे नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तरच गुन्हा पुरा होतो, त्याआधी केलेली तक्रार टिकत नाही. मी आणि माझी ज्युनिअर, दोघींच्या नजरेतून ते निसटलं होतं, कारण आम्ही नोटीस पाठवल्याची तारीख धरून बसलो होतो. तो मुलगा हुशार होता असं मी म्हणणार नाही, पण समोरचा कागद तो नीट वाचायचा. नियमित 65-70 मिळवणाऱ्यांतही ही सवय पुष्कळदा असते, हेही तितकंच खरं. मार्क आणि कुवत यांचा संबंधच नाही असं समजू नका.

जिद्दीचा भाग मात्र मार्कांतून थोडाफार दिसतो. सहाही सत्रांत नेटाने 60च्या वर राहणारा विद्यार्थी कंटाळवाणं काम पुरं करतो, एवढं मी मानते. आणि वकिलीत कंटाळवाणं काम भरपूर असतं.

अजून एक. तुम्ही लिहिलंय की बारावीपर्यंत शिक्षण मराठीत झालं आणि पेपर इंग्रजीत लिहिता. तुमच्या 52 टक्क्यांतले किती कायद्याचे आणि किती भाषेचे, हे उत्तरपत्रिका पाहिल्यावर कळेल. काही विद्यापीठांत मराठीत उत्तर लिहिता येतं, तुमच्याकडे ती सोय आहे का ते पाहा. पण लगेच तिकडे उडी मारू नका. आपल्या जिल्हा न्यायालयांत मराठीत कामकाज चालतं, साक्षी मराठीत होतात, उलटतपासणीत तुमची मराठी फार उपयोगी पडेल. उच्च न्यायालय आणि त्यापुढे अनुच्छेद 348 प्रमाणे इंग्रजीच, आणि निवाडे तुम्हाला रोज इंग्रजीतच वाचावे लागणार. तेव्हा इंग्रजी सोडायची नाही, छोटी करायची. लांबलचक वाक्यं लिहू नका. एका वाक्यात एक मुद्दा. माझ्या अनुभवात एवढ्यानेच उत्तर वाचण्यालायक होतं.

अभ्यास कसा बदलायचा, तर माझ्याकडे येणाऱ्यांना मी आठवड्याला एकच काम देते. एक निवाडा घ्यायचा आणि एका पानात लिहायचं: घडलं काय, वाद कशावर, कुठलं कलम, ते कलम या घटनेला कसं लागलं, कोर्टाने काय ठरवलं. त्यातला चौथा भाग अर्ध्या पानाचा हवा. बाकीचे चार मिळून अर्धं पान. विद्यार्थी पहिल्यांदा नेमकं उलट लिहून आणतात, बाकीचे चार भाग एक पान आणि चौथ्या भागाला दीड ओळ. आठ-दहा आठवड्यांनी हात बसतो. हेच पान परीक्षेतल्या समस्या-प्रश्नाचं उत्तर असतं, आणि थोडं वाढवलं की युक्तिवादाचं टिपण होतं. म्हणून ‘मार्क की वकिली’ असा जो पेच तुम्हाला पडलाय तो निम्मा तरी इथेच सुटतो.

आणि गाइड बाजूला ठेवून बेअर अ‍ॅक्ट उघडा. कलमाखालचं परंतुक (‘परंतु’ने सुरू होणारी अट किंवा अपवाद), स्पष्टीकरण, उदाहरण, सगळं. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि पुरावा कायदाही बदलले. खुनाला आणि फसवणुकीला आम्ही वीस-वीस वर्षं 302 आणि 420 म्हणत होतो, ते 103 आणि 318 झालं. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनीच संहिता लागते, त्यामुळे दोन्ही पुस्तकं टेबलावर असतात. 2022 साली फौजदारी कायद्यात वर्गात पहिली आलेली मुलगी आणि मी, दोघीही त्या जुलैत सारख्याच गोंधळलो होतो. तिला आकडे पाठ होते ते गेले. कलम कसं वाचायचं हे ज्याला येत होतं तो आठवडाभरात सावरला.

इंटर्नशिपबद्दल. पूर्ण बंद करू नका आणि रोजही जाऊ नका. बार कौन्सिलच्या नियमांत प्रत्येक विषयाला 70 टक्के हजेरीची अट आहे, ती मोडून कोर्टात बसण्यात शहाणपणा नाही. सत्र चालू असताना आठवड्यातून एक दिवस, तोही ठरलेला, म्हणजे एकच मॅटर तारखेमागून तारीख कसं सरकतं ते दिसतं. सगळे विद्यार्थी मे महिन्यात येतात आणि मग कळतं की दिवाणी न्यायालयांना उन्हाळ्याची सुटी आहे. दिवाळीतही तेच. सुटीत आलात तर सिनिअरच्या ऑफिसात जुन्या फाइली वाचा, दावा आणि कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) समोरासमोर ठेवून वादाचे मुद्दे काय निघतील ते स्वतः काढा आणि मग कोर्टाने काढलेल्या मुद्द्यांशी ताडून पाहा. महिनाभर कोर्टाच्या बाकावर बसण्यापेक्षा मी याला जास्त किंमत देते.

घरच्यांना काय सांगायचं, हेही तुम्ही विचारलंय. त्यांना वरचं गणित दाखवा. 52 ऐकून ते घाबरलेत, कारण पुढचा आकडा कुठला आणि तो कशासाठी हवा, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ‘केटी या सत्रात काढतो, पुढच्या चार सत्रांत 57 च्या खाली जाणार नाही, आणि सनद घेतल्यावर तीन वर्षं अमुक कोर्टात काम करतो’ असं ठोस बोललात तर बोलणं पुढे सरकेल. वकिली सोडावी का, हा प्रश्न मी आत्ता विचारातच घेणार नाही. एका वर्षाच्या मार्कांवर तो ठरत नाही. वर्षभर दर आठवड्याला ते एक पान लिहिलंत आणि तरी कागद वाचण्यात अजिबात रस वाटला नाही, तर मात्र तो जरूर विचारा, तेव्हा मी मनापासून उत्तर देईन.

सध्या एकच घाईचं काम आहे. छायांकित प्रतीच्या अर्जाला निकालानंतर मोजकेच दिवस मिळतात, आणि विद्यापीठं उत्तरपत्रिका कायम जपून ठेवत नाहीत. तुमचा निकाल मागच्या आठवड्यात लागलाय असं लिहिलंय. उद्या कॉलेजच्या ऑफिसात जाऊन शेवटची तारीख बघा. केटीच्या पेपरची प्रत आधी मागवा, बाकीच्यांचं नंतर.